‘व्हॅक्सिन’मधली गाय आणि लशीतली देवी

गेल्या महिन्यात विहारात बाळांच्या लसीकरणाचे सत्र होते. आम्ही दाराशी टेबल टाकून कार्डे तपासत होतो. एक तरुण आई दीड वर्षाचे बाळ कडेवर घेऊन आली आणि उंबऱ्यातच थबकली. आत येईना. विचारले तेव्हा म्हणाली, “ताई, सासूबाई नको म्हणतात. त्यांच्या मोबाइलवर आलंय, या इंजेक्शनात गाईचं काहीतरी घालतात. इंग्रजी नावातच गाय आहे म्हणे.”

नावे लिहायला मदत करणारा नववीतला मुलगा हसला. “काकू, नावात गाय कुठून येईल?” त्याला आम्ही थांबवले. कारण मोबाइलवरचा तो निरोप निम्मा खरा होता. नावात गाय आहेच. उरलेले निम्मे समजावून सांगायला त्या दिवशी वेळ पुरला नाही. रांग मोठी होती आणि नर्सताईंना दुसऱ्या वस्तीत जायचे होते. ती बाई बाळाला तसेच घेऊन परत गेली, हे आमच्या मनाला लागून राहिले. म्हणून या महिन्याच्या पानावर औषधाची नाही, एका शब्दाची माहिती देत आहोत.

‘व्हॅक्सिन’ हा शब्द इंग्रजीत आला तो लॅटिन भाषेतून. लॅटिन ही जुन्या रोमची भाषा. आज ती कोणाच्या घरात बोलली जात नाही, पण युरोपातले डॉक्टर आणि पंडित शेकडो वर्षे आपले ग्रंथ तिच्यातच लिहीत. आपल्याकडे वैद्यकाची विद्या जशी संस्कृतात बंद होती, तशी तिकडे लॅटिनमध्ये. फरक एवढाच, की आपल्याकडच्या कुलपाला जातीची आणखी एक कडी होती. असो. लॅटिनमध्ये गाईला ‘वाक्का’ म्हणतात. त्यावरून ‘वाक्किना’ म्हणजे गाईची. शाळेतली मुले ‘व्हॅक्सिन’चे स्पेलिंग लिहिताना एक ‘सी’ विसरतात. ‘वाक्का’ लक्षात ठेवले तर ‘सी’ दोन का, ते आपोआप कळेल.

आता औषधाच्या नावात गाय का शिरली? त्यासाठी देवीच्या रोगाकडे जावे लागेल.

देवीचा रोग आज तरुणांनी पाहिलेला नाही, पण आपल्या आजी-पणजींनी पाहिला आहे. ताप, मग अंगभर पूभरल्या पुळ्या. धरलेल्या दहा माणसांतली साधारण तीन दगावत. वाचलेल्यांच्या तोंडावर खोल वण राहत आणि कित्येकांचे डोळे जात. लॅटिनमध्ये या रोगाला ‘वारिओला’ म्हणत, म्हणजे ठिपक्याठिपक्यांचा. त्याचे अनेकवचन ‘वारिओलाय’. मराठीतही आपण ‘त्याला देवी आल्या’ असे अनेकवचनीच बोलत होतो. पण तिकडच्या नावात ठिपके होते, आपल्या नावात देवता होती. या फरकाकडे पुढे येऊ.

या रोगावर जुना उपाय होता. ज्याला हलक्या देवी आल्या आहेत त्याच्या पुळीतला पू घ्यायचा आणि निरोगी माणसाच्या कातडीला ओरखडा काढून त्यात भरायचा. त्याला सौम्य देवी येत आणि पुन्हा जन्मात होत नसत. हा उपाय भारतात, चीनमध्ये, तुर्कस्तानात चालत होता. इंग्रजीत त्याला ‘इनॉक्युलेशन’ म्हणू लागले. हाही लॅटिन शब्द, आणि शेतकऱ्याच्या घरातला. ‘ओकुलुस’ म्हणजे डोळा. झाडाचा डोळा काढून दुसऱ्या झाडाच्या सालीत बसवणे याला ते ‘इनोकुलारे’ म्हणत. आपले माळी मोसंबीचे कलम करताना ‘डोळा भरणे’ म्हणतात, अगदी तेच. पण हा डोळा खऱ्या देवीचा असल्यामुळे शंभरात एक-दोन माणसे त्यानेच मरत, आणि टोचलेल्या माणसाकडून इतरांना रोग लागत असे.

इंग्लंडच्या ग्लॉस्टरशायर भागात बर्कली नावाच्या गावी एडवर्ड जेन्नर हे डॉक्टर होते. त्या भागातल्या गोठ्यांतून एक गोष्ट बोलली जात असे. गाईच्या सडांवर पुळ्या येतात, त्या दूध काढणाऱ्या मुलींच्या हातावर उठतात, आणि एकदा त्या येऊन गेल्या की त्या मुलीला खऱ्या देवी येत नाहीत. बेंजामिन जेस्टी नावाच्या एका शेतकऱ्याने तर १७७४ साली देवीची साथ आली तेव्हा गाईच्या सडावरचा द्रव आपल्या बायकोला आणि दोन मुलांना टोचला होता. त्याने ग्रंथ लिहिला नाही, म्हणून त्याचे नाव मागे राहिले. आम्हाला मात्र तो मोलाचा वाटतो. ज्ञान आधी गोठ्यात होते, पुस्तकात नंतर आले.

जेन्नर यांनी ही गोष्ट तपासून पाहायचे ठरवले. १४ मे १७९६ रोजी सारा नेल्म्स या दूध काढणाऱ्या मुलीच्या हातावरच्या पुळीतला द्रव त्यांनी आठ वर्षांच्या जेम्स फिप्सच्या दंडावर टोचला. जेम्स हा त्यांच्या माळ्याचा मुलगा. जुलैमध्ये त्याच मुलाला खऱ्या देवीचा पू टोचला. त्याला देवी आल्या नाहीत. गरिबाच्या लेकरावर केलेला हा प्रयोग आजच्या नियमांत बसणार नाही, हेही इथे नोंदवून ठेवतो. १७९८ साली जेन्नर यांनी पुस्तक छापले आणि त्यात या रोगाला लॅटिन नाव दिले, ‘वारिओलाय वाक्किनाय’, म्हणजे ‘गाईच्या देवी’. त्यातला ‘वाक्किनाय’ तेवढा उरला. १८०० साली रिचर्ड डनिंग या इंग्रज डॉक्टरने टोचण्याच्या क्रियेला ‘व्हॅक्सिनेशन’ म्हटले आणि तो शब्द जगभर गेला.

गमत अशी, की नाव गाईचे असले तरी मूळ जंतू नक्की गाईचाच होता का, हा वाद अजून आहे. जेन्नर यांना स्वतःलाच वाटत होते की हा आजार घोड्याच्या पायावरून माणसाच्या हाताने गाईकडे येतो. अमेरिकेत १९०२ साली बनवलेली देवीची जुनी लस जपून ठेवलेली होती. शास्त्रज्ञांनी ती तपासून २०१७ साली सांगितले, की त्यातला विषाणू घोड्याच्या देवीच्या विषाणूशी सर्वांत जवळचा आहे. म्हणजे नावात गाय आणि बाटलीत घोड्याचा भाऊबंद. नावावरून आतला माल ओळखायला जाऊ नये, तो असा.

गाईच्या नावाने घाबरणारे लोक तेव्हाही होते. १८०२ साली लंडनमध्ये जेम्स गिलरे या चित्रकाराने एक व्यंगचित्र छापले. त्यात लस टोचलेल्या लोकांच्या दंडातून, नाकातून, कानातून छोट्या गाई बाहेर पडत आहेत. सासूबाईंच्या मोबाइलवरचा निरोप काही नवा नाही. सव्वादोनशे वर्षांपूर्वीचा आहे.

दंडापासून दंडापर्यंत

त्याच १८०२ साली हा द्रव मुंबईला पोचला. तेव्हा बर्फाची पेटी नव्हती, बाटलीत तो टिकत नसे. मग जिवंत माणसाच्या दंडावरच तो न्यावा लागे. एकाला टोचायचे, आठवड्याभराने त्याच्या दंडावर फोड भरला की त्यातला द्रव काढून पुढच्याला टोचायचे. असा बगदाद, बसरा करत, जहाजावर दंडापासून दंडापर्यंत तो मुंबईत आला. १४ जून १८०२ रोजी ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला तो लागू पडला. भारतात लस घेतलेले हे पहिले माणूस. या मुलीच्या दंडावरून पुढे देशभर लस गेली.

फोडातल्या या द्रवाला मराठीत आपण काय म्हणतो? लस. गुडघा खरचटला की दुसऱ्या दिवशी जखमेतून पाण्यासारखे, थोडे चिकट जे येते, त्याला ‘लस येते’ म्हणतो. तोच शब्द औषधाला बसला. इंग्रजी शब्दात गाय राहिली, मराठी शब्दात फोडातले पाणी राहिले. आज त्या बाटलीत गायही नाही आणि फोडातले पाणीही नाही, पण दोन्ही भाषांना आपापली आठवण सुटत नाही.

या दंडापासून दंडाच्या पद्धतीत आपल्या लोकांचा एक इतिहास दडला आहे. पुढच्यांना टोचायला द्रव हवा तर भरलेल्या फोडाचे मूल हवे. त्या मुलाला आठव्या दिवशी परत आणून त्याचा दुखरा फोड फोडायचा. स्वतःचे मूल त्यासाठी कोण देणार? देशात अनेक ठिकाणी गरिबांची, खालच्या मानलेल्या जातींची मुले यासाठी पैसे देऊन आणली जात. आणि मग वरच्या जातींचे आईबाप अडून बसत, की त्या मुलाच्या अंगातले पाणी आमच्या मुलाच्या अंगात नको. ज्यांना आपल्या हातचे पाणी चालत नव्हते, त्यांना आपल्या लेकराच्या दंडावरची लस कशी चालावी? रोगाला मात्र सगळी घरे सारखी होती. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वासराच्या कातडीवर लस वाढवू लागले. तेव्हा जातीचा प्रश्न मागे पडला, तर गाईचा पुढे आला. वासराला इजा होते म्हणून पुन्हा विरोध.

गाय गेली, नाव राहिले

मग इतर रोगांच्या औषधांनाही ‘व्हॅक्सिन’ का म्हणायचे? हे केले फ्रान्सच्या लुई पाश्चर यांनी. त्यांनी कोंबड्यांचा कॉलरा आणि मेंढ्यांची काळपुळी यांचे जंतू दुबळे करून टोचायची रीत काढली. त्यात गाईचा संबंध नव्हता. पण १८८१ साली लंडनच्या डॉक्टरांच्या परिषदेत ते म्हणाले, की जेन्नर यांच्या सन्मानासाठी हाच शब्द आपण सर्व टोचण्यांना वापरू. तेव्हापासून ‘व्हॅक्सिन’ म्हणजे गाईची गोष्ट राहिली नाही. शरीराला रोगाची आधीच ओळख करून देणारे औषध, एवढाच अर्थ उरला. चोराचा फोटो आधी चौकीत लावून ठेवला की चोर आला तेव्हा पोलिसाला तो ओळखता येतो, तसे हे.

पाश्चर यांची १८८५ सालची लस पिसाळलेल्या कुत्र्याच्या चावण्यावर होती. तिकडे त्या रोगाला ‘रेबीज’ म्हणतात. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ वेड, पिसाळणे. मराठी शब्द आणि लॅटिन शब्द एकच बोलतात. वस्तीत कुत्रे चावले तर चुना, हळद, मिरची लावू नका. साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे जखम धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा. सांगितलेले सगळे डोस पुरे करा, मधला एकही चुकवू नका.

‘व्हायरस’ हाही लॅटिनच. अर्थ विष. आपण विषाणू म्हणतो. हे नुसते भाषांतर नाही, लॅटिन ‘विरुस’, संस्कृत ‘विष’ आणि पाली ‘विस’ हे तिन्ही शब्द एकाच मुळाच्या फांद्या आहेत असे भाषाशास्त्र सांगते.

मुंबईत १८९६ साली प्लेग आला. वाल्डेमार हाफकिन या शास्त्रज्ञाने मुंबईतच प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था त्यांच्याच नावाची. त्याच प्लेगात पुण्याजवळ सावित्रीमाई आजारी माणसांना मुलाच्या, डॉ. यशवंतांच्या, दवाखान्यात पोचवत होत्या. एका आजारी पोराला त्यांनी पाठीवर घालून आणले आणि त्यात त्यांनाच प्लेग झाला. १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. हाफकिननी लस टोचून घेतली त्याला त्या दिवशी बरोबर दोन महिने झाले होते. या दोन तारखा आम्ही शेजारी शेजारी लिहून ठेवल्या आहेत.

ज्या नावात देवता होती

आता मागे सोडलेल्या गोष्टीकडे येतो. लॅटिन नाव ठिपके सांगते, इंग्रजी नाव गाय सांगते. आपले नाव सांगत होते देवी. रोगालाच देवता म्हटले की त्याच्यावर औषध करणे म्हणजे देवतेशी वैर. मग घरात फोडणी द्यायची नाही, दवाखान्यात न्यायचे नाही, कडुलिंबाचा पाला, दहीभाताचा नैवेद्य आणि वाट पाहणे. त्या वाट पाहण्यात किती लेकरे गेली त्याचा हिशेब नाही. लस टोचण्यालाही लोक ‘देवी काढणे’ म्हणत. तुमच्या घरातल्या साठ-सत्तरीच्या माणसांचे दंड पाहा. गोल, खोलगट वण दिसतील. ते त्या देवीच्या लशीचे. ती लस घरोघर गेली म्हणून १९७५ नंतर भारतात देवीचा रुग्ण सापडला नाही, आणि ८ मे १९८० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने जगातून हा रोग संपल्याचे जाहीर केले. देवी कोपली नाही.

देवी गेली, पण ती सवय गोवरावर आणि कांजिण्यांवर येऊन बसली आहे. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरातही मुलाच्या अंगावर लाल पुरळ उठले की आजी हळूच ‘बाया आल्या’ म्हणते. आम्ही आजीला दोष देत नाही. तिने डॉक्टर कधी पाहिला, तर बाळ गेल्यावर. पण गोवर हा हवेतून, खोकल्यातून पसरणारा विषाणू आहे आणि एका खोलीत सात-आठ माणसे राहतात तिथे तो वाऱ्यासारखा फिरतो. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडीसारख्या वस्त्यांतून त्याची साथ आली, लहान मुले दगावली. ज्या मुलांची लस राहिली होती, त्यांना गोवराचा धोका सर्वांत जास्त.

गोवराच्या लशीचे दोन डोस असतात, गोवर-रुबेला एकत्र. पहिला नऊ महिने पूर्ण झाल्यावर, दुसरा सोळा ते चोवीस महिन्यांत. पहिला बहुतेक घरांत होतो, दुसरा राहतो. बाळ चालायला लागलेले असते, कार्ड ट्रंकेत गेलेले असते, आणि मधल्या काळात घर बदललेले असते. डोस चुकला असेल तर पाच वर्षांपर्यंत तो देता येतो, पुन्हा पहिल्यापासून सुरू करावे लागत नाही. सरकारी केंद्रात पैसे लागत नाहीत. साधी सर्दी किंवा किरकोळ खोकला असला तरी लस देतात. ताप जास्त असेल तर नर्सताईंना आधी सांगा. टोचल्यावर अर्धा तास तिथेच बसा.

गोवर निघालाच तर बाळाला दवाखान्यात न्या. तिथे ‘अ’ जीवनसत्त्वाचे दोन डोस देतात, त्याने डोळे आणि जीव दोन्ही वाचायला मदत होते. अंगावरचे दूध, पेज, पाणी चालू ठेवा. श्वास जोरात चालत असेल, बाळ पीत नसेल, गुंगीत असेल किंवा झटके आले तर रात्र असली तरी थांबू नका. अंथरुणाशी कडुलिंबाचा पाला ठेवला म्हणून काही बिघडत नाही. त्या पाल्याच्या भरवशावर दोन दिवस गेले, तर बिघडते.

आता गाईचे उरलेले खरेही सांगून टाकतो, म्हणजे उद्या कोणी मोबाइलवरून सांगायला नको. गोवराच्या बाटलीत गोवराचाच दुबळा केलेला विषाणू असतो. काही लशी तयार करताना कारखान्यात विषाणू वाढवण्यासाठी वासराच्या रक्तातला द्रव वापरतात. नंतर तो काढून टाकतात, राहिलाच तर अगदी सूक्ष्म अंश. आणि जन्मल्यावर बाळाच्या डाव्या दंडावर देतात ती बीसीजी? ती तर गुरांच्या क्षयाच्या जंतूपासून झाली. काल्मेट आणि गेरँ या दोन फ्रेंच माणसांनी तेरा वर्षे तो जंतू पुन्हा पुन्हा वाढवून दुबळा केला आणि १९२१ साली पहिल्यांदा बाळाला दिला. त्या जंतूच्या लॅटिन नावात ‘बोविस’ आहे, म्हणजे गाईबैलाचा. आपल्या वस्तीतल्या बहुतेक मुलांच्या दंडावर त्याचा छोटा वण आहे, आणि त्यामुळे लहान मुलांना होणारा मेंदूचा क्षय टळतो. गाईचे दूध बाळाला पाजताना जो प्रश्न आपल्याला पडत नाही, तो इथे का पडावा?

त्या तरुण आईच्या घरी आम्ही दोन दिवसांनी गेलो. सासूबाई दारात मेथी निवडत बसल्या होत्या. गाईची, घोड्याची, गोठ्यातल्या मुलीची सगळी गोष्ट त्यांना सांगितली. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग लुगड्याचा पदर सारून त्यांनी दंड दाखवला. दोन गोल वण. म्हणाल्या, “माझ्या मायनं मला पाठीवर बांधून तालुक्याला नेलं होतं, देवी काढायला. शेजारीण शिव्या देत होती.” नववीतला तो मुलगा आमच्याबरोबर होता. त्याने विचारले, “आजी, दुखलं होतं का?”

“मग? चांगलं आठ दिवस. बुधवारी किती वाजता असतं ते तेवढं सांगून जा.”